कडेवर मावेल एवढं

बहिणीच्या सासरच्या माणसाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तरी ते मला लहानपणापासून येतं. पप्पांना एकच बहीण. ती गडमुडशिंगीला दिलेली आहे, आणि तिकडचं कुणी आलं की पप्पांचा आवाज बदलतो. एरवी ते हार्डवेअरच्या दुकानात कंपनीतून आलेल्या पाइपलासुद्धा स्वतः टेप लावल्याशिवाय माल उतरून घेत नाहीत. टेंपोवाला वैतागतो, कंपनीचा माणूस हसतो, पप्पांना फरक पडत नाही. पण आत्याच्या घरचा माणूस सांगेल ते खरं. तिथे टेप खिशातून बाहेर येत नाही.

हे मी शांतपणे लिहितेय असं वाटत असेल तर तसं नाही. मला अजून राग आहे. लिहिताना मी तो आवरून धरलाय, एवढंच.

कुत्रं मला हवं होतं. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर कानात हेडफोन, समोर स्क्रीन, आणि मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, त्यामुळे मराठीत भांडायची वेळ आली की शब्द उशिरा सुचतात. सुचेपर्यंत समोरचा चहा पिऊन निघून गेलेला असतो. आई मला घुमी म्हणते. घरात मी फारसं काही मागितलेलं नाही. हे मागितलं.

पप्पा नाही म्हणाले नाहीत. ते खालच्या मजल्यावर सोसायटीच्या चेअरमनांना विचारून आले. आमच्या इमारतीत पूर्वी एका भाडेकरूचं लॅब्रॅडोर होतं आणि त्यावरून बरंच रामायण झालेलं. चेअरमन म्हणाले, “कडेवर मावेल एवढं असेल तर आणा. लिफ्टमधून उचलून न्यायचं. उचलता येईनासं झालं की त्या दिवशी ते इथून गेलं पाहिजे. शब्द द्या.” पप्पांनी शब्द दिला. म्हणजे आणलेलं पिल्लू आमच्या घरात राहणार की नाही, हे ते मोठं झाल्यावर केवढं होणार यावर ठरणार होतं. दुसरं काहीच महत्त्वाचं नव्हतं.

मी वाचायला लागले. कुत्री पाळणाऱ्या लोकांनी इंग्रजीत पानंच्या पानं लिहून ठेवलेली आहेत, आणि सगळ्यांचं सांगणं एकच. पिल्लाकडे बघून ते केवढं होईल हे कुणालाच सांगता येत नाही. आईबाप बघावे लागतात. त्याच आईची आधीची पिल्लं कुणाकडे आहेत, ती आता केवढी झालीत, हे विचारायचं. वय पक्कं करून घ्यायचं, कारण लहान जातीचं पिल्लू साडेतीन-चार महिन्यांत आपल्या पुऱ्या वजनाच्या निम्म्यावर येतं. वय खरं असेल तर दुप्पट करून अंदाज बांधता येतो. वय खोटं असेल तर सगळाच अंदाज खोटा. आणि टीकप, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढी, अशी कुठलीही जात नसते. हा शब्द वापरून कुणी विकत असेल तर तिथून निघायचं.

जयसिंगपूरजवळ एक बाई पॉमेरेनियनची, म्हणजे छोट्या झुबकेदार पॉमची, पिल्लं देतात असं कळलं. मी धीर करून फोन केला. त्यांनीच मला प्रश्न विचारले. घरी कोण असतं, जिना आहे का, काम किती तास. मग म्हणाल्या, “पिल्लं अजून व्हायचीत. पण तुम्ही आत्ता या. आधी आई बघा, मग ठरवा.” मी विचारलं, मोठं केवढं होईल? त्या म्हणाल्या, “आई चार किलोची आहे, वडील त्याहून थोडे बारीक. मागच्या वेळची पिल्लं साडेतीन ते पाचमध्ये आहेत. पण लिहून देणार नाही हं. जनावर आहे, मशीन नाही.”

मी हे जेवताना सांगितलं. पप्पा म्हणाले, “म्हणजे ती बाई स्वतःच म्हणते की खात्री नाही.”

“खात्री कुणीच देऊ शकत नाही पप्पा. म्हणून तर ती खरी...”

“पावणं देताहेत की खात्री. घरचं सोडून बाहेर कशाला?”

पावणं म्हणजे आत्याचे धाकटे दीर. मळ्यात त्यांच्या म्हशी आहेत, आणि जोडीला गेली काही वर्षं ते कुत्र्याची पिल्लं विकतात. त्यांना फोन पप्पांनी आधीच करून टाकला होता. जी बाई खरं बोलली ती बाद, आणि ज्यानं न बघता शब्द दिला तो पक्का. दुकानात कुठल्या कंपनीनं असा शब्द दिला असता तर पप्पांनी त्यांचा माल दारातून परत पाठवला असता.

आम्ही रविवारी गेलो. आत्यानं पोहे केलेले. आत्या अजून गावाकडच्या बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलते, आणि मला ते फार आवडतं. पण दिरासमोर ती मुळीच बोलत नाही. चहाचा ट्रे ठेवला आणि दाराशी पदर सावरून उभी राहिली.

“या या पावणं! आणि ह्या कॉम्प्युटरवाल्या बाई बी आल्यात की!” आत्याचे दीर मळ्यातून हाक मारल्यासारखे घरातही बोलतात. त्यांनी आतून पिल्लू आणलं आणि तळहातावर उभं करून पप्पांच्या नाकासमोर धरलं. पांढरं, थरथरणारं, डोळे अजून धुरकट. “बघा. हातावर मावतंय. टीकप पॉम हाय, टीकप! कोल्हापुरात कुणाकडं न्हाय.”

“वय किती?” मी विचारलं.

“तीन म्हैनं पुरं. तीन म्हैन्याचं एवढं, मग वाढणार ते काय? पंजा बघा त्येचा. पंजा बारका म्हंजे कुत्रं बारकं. वीतभर ऱ्हाणार, वर एक बोट न्हाय. लिवून देतो.”

मी आठवडाभर मनात तयारी केली होती, पण इंग्रजीत. कुत्र्याच्या बापाबद्दल वयानं मोठ्या माणसाला मराठीत कसं विचारायचं? ‘याचा बाप कोण’ हे तोंडातून निघेना. मी म्हणाले, “याची आई बघायला मिळेल का? आणि... वडील?”

आत्याचे दीर मांडीवर थाप मारून हसले. “वडील! अवो पावणं, तुमची पोरगी कुत्रं न्यायला आलीया का सोयरीक जमवायला? पत्रिका बी बघायची काय?”

पप्पा हसले. मला ते अजून विसरता येत नाही. पप्पा खरोखर मनापासून हसले.

आईचा फोटो मात्र त्यांनी मोबाइलवर दाखवला. सोफ्यावर बसलेली, पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखी कुत्री, गळ्यात लाल रिबीन. “शहरात असती. मालकाची लाडकी हाय, बाहेर काढत न्हाईत.” मागे गोठ्याच्या बाजूला एक कुत्रं भुंकत होतं, जड आवाजात. मी तिकडे बघितलं. “राखणीचं हाय त्ये,” ते म्हणाले. आत्या चहाचे कप गोळा करायला लागली. त्यातले दोन अजून भरलेले होते.

आता यात मला सर्वांत जास्त चीड कशाची येते ते सांगते. त्याआधी दोनच महिने मला बघायला सांगलीहून माणसं आली होती. त्यातल्या बाईंनी माझ्याकडे जेवढं बघितलं त्याहून जास्त आईकडे बघितलं. पाणी आणायच्या निमित्तानं तिला दोनदा उठवलं. उभी राहिल्यावर, चालताना कशी दिसते हे त्यांना बघायचं होतं, कारण मुलगी पुढे तशीच होणार. खाण तशी माती. आईला ते कळत होतं आणि ती निमूट उठत होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायको निवडताना सासूला उभी करून बघतात. मग कुत्र्याची आई बघायला मागितली तर हसायला काय झालं?

निघताना त्यांनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, पण त्यांचं बाजूला घेऊन सांगणंही सगळ्या वाडीवस्तीला ऐकू जातं. “खायला हात राखून घालायचं. सकाळी दोन चमचं दूध-भाकरी, संध्याकाळी दोन चमचं. जास्ती घातलं की वाढलंच, मग माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय. आन् आपल्यात दिवस मावळल्यावर खातंय कोण? त्यालाबी तीच सवय लावा.”

आमच्या घरात पाणी फडक्यातून गाळून पितात. भाजीत अळी निघाली तर आई ती कागदावर घेऊन कुंडीत सोडते. सूर्य मावळायच्या आत जेवण होतं, आणि त्यानंतर गॅस पेटत नाही. या घरात पिल्लू आलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला उपाशी ठेवायला सुरुवात केली. कुणाला ते उपाशी ठेवणं वाटलंच नाही. आई म्हणाली, “वळण आहे ते.” पप्पा म्हणाले, “पोट सवयीनं लहान होतं.” चमचा आधी आईच्या हातात होता, मग माझ्याही. कारण वाढलं तर ते जाणार होतं.

ते दिवसभर शोधत असायचं. ओट्याखालची फरशी चाटायचं, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायचं. गॅलरीतल्या भिंतीचा रंग एका जागी उडालेला, तिथे आतला चुना दिसायला लागला. ते चुना खात होतं. रिकामी वाटी दातात धरून माझ्या खुर्चीखाली आणून ठेवायचं आणि तिच्यावर हनुवटी टेकून झोपायचं. कंपनीतले लोक मीटिंगमध्ये म्हणायचे, तुझ्याकडे पिल्लू आहे ना, दाखव! मी एकदा कॅमेरा चालू केला. सगळे म्हणाले, किती छोटं, किती गोड.

पप्पा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत, “टीकप आहे. आमच्या पावण्यांकडचं.” लोक हात लावून बघत. चेअरमनही खूश होते. पण पिल्लाचे पाय लांब होत होते. पोट खपाटीला गेलेलं, छाती फासळ्या मोजता येतील अशी, आणि तरी पाय लांब. उपाशी ठेवलं म्हणून हाडं कुणाचं ऐकत नाहीत. एका सकाळी चेअरमन लिफ्टमध्ये म्हणाले, “काय हो, परवापेक्षा उंच दिसतंय?” पप्पा म्हणाले, “केस वाढलेत.” घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, संध्याकाळचा एक चमचा कमी कर.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ते उठेना. हाक मारली तर मान हलवली, पण पाय वाकडेतिकडे पडायला लागले. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. मी गुगलवर सापडलेल्या पहिल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून एक बाई बोलल्या. “साखर उतरलीय. मध आहे घरात? हिरड्यांना चोळा आणि लगेच घेऊन या.”

आमच्या घरात मध नसतो. आमच्यात चालत नाही. मी साखर पाण्यात विरघळवून बोटानं त्याच्या तोंडात चोळली, आणि आई मागे उभी राहून “अरे देवा, अरे देवा” म्हणत राहिली. थोड्या वेळानं त्यानं माझं बोट चाटलं. मग चावलं. मग सोडेचना.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं, तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, “वय काय सांगितलंय?”

“आणलं तेव्हा तीन महिने. आता साडेचार.”

“साडेचार महिन्यांत पुढचे दात बदलून होतात. याचे सगळे दुधाचे आहेत. हे आत्ता कुठे तीनचं होतंय.” म्हणजे आम्ही आणलं तेव्हा ते जेमतेम दीड महिन्याचं होतं. आईचं दूधही सुटलेलं नसणार. “लहान जातीचं म्हणून लहान नव्हतं ते. वयानं लहान होतं म्हणून लहान होतं. खायला काय देता?”

मी सांगितलं. चमचे सांगितले.

त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. “कुणी सांगितलं असं?”

“आमचे पाहुणे आहेत.”

“पाहुण्यांना सांगा, उपाशी ठेवून कुत्रं छोटं राहत नाही. मोठंच होतं, फक्त आजारी मोठं होतं. याची आई बघितली होती?”

“फोटो.”

“बसलेली असेल. उशीवर.”

“सोफ्यावर.”

“ते एकच.” त्यांनी त्याच्या पुढच्या पायाचा सांधा चिमटीत धरून बघितला. “हा स्पिट्झ आहे, पॉमहून मोठी जात. आपल्याकडे यालाच पॉम म्हणून विकतात. दहा किलो धरून चाला. बारा झाला तरी नवल नाही. आज घरी गेल्यावर याला पोटभर घालायचं, आणि दिवसातून चार वेळा.”

घरी येऊन मी त्याला पोटभर घातलं. संध्याकाळी पुन्हा, आणि दिवे लागल्यावर शेवटचं. आई फक्त बघत होती. मी गॅस पेटवला तेव्हा तिनं देवघराचं दार ओढून घेतलं.

एक-दीड महिन्यात ते खरोखर कुत्र्यासारखं दिसायला लागलं. त्याला लिफ्टमध्ये उचलून धरलं की मागचे पाय माझ्या मांडीवर लोंबायचे. चेअरमनांनी पप्पांना बोलावून घेतलं. पप्पा वर आले ते थेट फोनकडे गेले. स्पीकरवर आत्याच्या दिरांचा आवाज घरभर घुमला. “आणा की परत! बदलून देतो. नवीन बारकी पिल्लं आल्यात, ह्येच्यापेक्षा बारकी.”

“ठीक आहे, रविवारी येतो,” पप्पा म्हणाले. पाइपचा चुकीचा साइझ आला तर बदलून घेतात, तसे.

मी म्हणाले, “मी देणार नाही.”

“सोसायटीला शब्द दिलाय मी.”

“त्यांनी दिलेल्या शब्दाचं काय?”

“त्या माणसाचं नाव घेऊन या घरात कुणी वर आवाज करायचा नाही. तिथं माझी बहीण नांदते.”

रविवारी मी गाडीत मागे बसले, कुत्रा मांडीवर. एकटं पाठवायला मी तयार नव्हते. तिथे पोचल्यावर ओसरीवर पुन्हा चहा, पुन्हा पाऊसपाणी, ऊसतोड, कुणाचं लग्न जमलं. कुत्र्याचा विषय येईपर्यंत अर्धा तास गेला असता. मी त्याची साखळी धरून उठले आणि घराच्या मागे चालत गेले.

गोठ्याच्या कडेला, म्हशींच्या गव्हाणीपलीकडे, ती बांधलेली होती. माझ्या गुडघ्याच्या वर उंच. मूळची पांढरी असणार. आता शेणाच्या पाण्यानं पिवळट झालेली. ओटीपोटाला लोंबणारी कातडी, फासळ्या आमच्या पिल्लाच्या असायच्या तशाच. तिच्या डाव्या कानामागे तपकिरी डाग होता, बोट टेकवावं एवढा. आमच्या कुत्र्याच्या डाव्या कानामागे अगदी तसाच आहे. तिनं त्याला हुंगलं. तो तिच्या वाटीकडे गेला. वाटीत वाळलेल्या भाकरीचा पापुद्रा चिकटलेला होता, बाकी काही नाही.

“तिकडं कशाला गेलीस पोरी?” आत्याचे दीर मागून आले. पप्पाही आले.

“काका, ही याची आई आहे.”

“न्हाय गं. राखणीचं हाय, सांगितलं न्हाय काय तुला?”

“कानामागे बघा. दोघांच्या.”

त्यांनी बघितलं नाही. पप्पांनी बघितलं. मी त्यांच्याकडेच पाहत होते. ते आधी हिच्या कानाकडे, मग त्याच्या कानाकडे, मग खाली जमिनीकडे बघत राहिले.

“मग सोफ्यावरची कोण होती?” मी विचारलं.

“झालं ते झालं की आता! ताणायचं कशाला? ह्यो हितं सोडा, आतलं दुसरं न्या.”

“याचं काय करणार तुम्ही?”

“काय करायचंय? कोण तरी मळ्यावर बांधंल.”

त्या वेळी मला शब्द उशिरा सुचले नाहीत. मी म्हणाले, “तुम्ही आमच्या हातानं याला उपाशी मारत होता. तुमचं खोटं झाकून राहावं म्हणून. दीड महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून तीन महिन्यांचं म्हणून विकलंत, आणि ते वाढायला लागल्यावर दोष येऊ नये म्हणून चमचे सांगितलेत. हिलासुद्धा चमच्यानंच घालता का?” माझा आवाज चिरकत होता. म्हशीसुद्धा वळून बघत होत्या असं मला वाटलं.

“ए, गप,” पप्पा म्हणाले. “पावण्यांशी बोलतेस तू.”

“माहितीय कुणाशी बोलतेय.”

आत्याचे दीर हसले, पण या वेळी मांडीवर थाप नव्हती. “पोरगी हाताबाहेर गेली पावणं. ह्या जिभेवर सोयरीक जमायची न्हाय कुठं.”

मी कुत्र्याला घेऊन गाडीत बसले आणि दार आतून लावलं. काचेतून मला पप्पा दिसत होते. त्यांनी हात जोडले. खरोखर हात जोडले, त्या माणसाला. मग गाडीत येऊन बसले. शहर लागल्यावर ते एवढंच म्हणाले, “चेअरमनना तू सांगायचंस.”

चेअरमन पार्किंगमध्येच होते, जणू वाट बघत. “हे काय? परत आणलंत?”

“हो,” मी म्हणाले.

“तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता. कडेवर मावेल एवढं.”

“पप्पांना खोटं सांगितलं गेलं होतं. मी तुम्हाला खरं सांगते. हा अजून वाढणार आहे. दहा किलोचा होईल, बाराचाही होऊ शकतो. याला कडेवर घेऊन लिफ्टनं नेता येणार नाही.”

ते बघतच राहिले. मला वाटतं, नाही म्हणायला त्यांना माझ्याकडून एखादा खोटा शब्द हवा होता, म्हणजे ते सोपं गेलं असतं. “मग कसं करणार तुम्ही?”

“जिन्यानं नेईन. रोज. साखळीनं. कुणाच्या दारापुढे काही झालं तर मी पुसेन.”

“तोंडाला जाळी लावा.”

“जिन्यावर लावते.”

“आणि एकाची जरी तक्रार आली...”

“तक्रार त्याच्या वागण्याची असू दे. तो केवढा आहे याची नको.”

पप्पा गाडीजवळ उभे होते. चेअरमन म्हणाले, “बघू सहा महिने,” आणि निघून गेले. त्याला मी परवानगी म्हणते. कुत्रा आता जिन्यानं चढतो-उतरतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्याची जाळी बघून वाईट वाटतं, म्हणून त्या दार उघडून त्याच्याशी बोलतात.

गडमुडशिंगीशी बोलणं मात्र तुटलं. राखीला आत्या आली नाही, राखी कुरिअरनं आली. पप्पांनी ती स्वतःच बांधून घेतली, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बहिणीसाठी गप्प राहायचं म्हणतात, आणि त्या गप्प राहण्यावर बहिणीचा दीर धंदा करतो, हे मी त्यांना सांगायला गेले तर ते उठून दुकानात गेले.

मग एका दुपारी आत्याचा फोन आला. पप्पांच्या नाही, माझ्या मोबाइलवर. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

“केवढा झालाय गं?” तिनं विचारलं.

“गुडघ्याच्या वर.”

“खातोय?”

“खातोय.” मग मला राहवलं नाही. “आत्या, तुला माहीत होतं. त्या दिवशी तू कप उचलत होतीस.”

“रोज बघतो की तिला. भावजी झोपल्यावर भाकरी मीच टाकतो.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाशी बोलू? तुझ्या पप्पाशी? त्यो उठला असता, हात जोडून आला असता. तू आलीस, बोललीस, गाडीत बसून गेलीस. मी हितंच हाय. तू गेल्यावर दोन दिवस ताटं आपटत होती घरात.” ती रागानं बोलत होती, आणि तो राग माझ्यावर होता, आणि तो खराही होता.

मग तीच म्हणाली, “रविवारी इचलकरंजीची माणसं येणार हायत. टीकप बघायला. बारकी दोन पोरं हायत त्यांची.”

“तू काही बोलू नकोस,” मी म्हणाले. “फक्त पोहे द्यायच्या आधी त्यांना हात धुवायला गोठ्याकडे पाठव.”



“नळ तिकडंच हाय,” आत्या म्हणाली.